लिहायचा भाव

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी बाजार नुकता उघडला असताना, धान्यगल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानापुढे भाव टिपणाऱ्या खात्याचा माणूस उभा होता आणि दुकानदार त्याला डाळीचा भाव सांगत होता.

"चौऱ्यांशी."

"मागच्या मंगळवारीही चौऱ्यांशीच होती."

"मग? वाढली की तुमचं खातं ओरडतं, नाही वाढली की तुम्ही संशय घेता. आम्ही करायचं तरी काय, भावसाहेब?"

"संशय नाही. खातरजमा."

"तेच ते. तांदूळ एकसष्ट, साखर पंचेचाळीस, तेल मागचंच. चहा घेणार?"

"नाही."

"दरवेळी विचारतो आणि दरवेळी तुम्ही नाही म्हणता. माझ्या चहात काय विष असतं का?"

भावसाहेब हसले नाहीत. त्यांनी खात्याने दिलेल्या मोबाइलमध्ये आकडे भरले, भरलेले पुन्हा वाचून दाखवले आणि दुकानदाराने मान डोलावल्यावरच पुढे सरकले. भावसाहेब हे त्यांचे नाव नव्हे. बाजाराने ते थट्टेने ठेवले होते आणि पुढे थट्टा झिजून नुसता मान उरला होता. घरी त्यांना आप्पा म्हणत.

त्यांचे काम बाहेरून पाहणाऱ्याला सोपे वाटे. दर मंगळवारी ठरलेल्या दुकानांतून ठरलेल्या जिनसांचे भाव विचारायचे, मग पाण्याच्या टाकीखाली मजूर उभे राहतात तिथे जाऊन रोजंदारी विचारायची आणि सगळे आकडे संध्याकाळपर्यंत मुख्य कचेरीकडे पाठवायचे. परंतु भावसाहेबांच्या मते या कामात अक्कल विचारण्यात नव्हती. ती स्वतःला अलिप्त ठेवण्यात होती. यासाठी ते दोन नियम पाळत. पहिला खात्याचाच होता: नात्यातल्या माणसाचे उत्तर ग्राह्य धरायचे नाही. दुसरा त्यांनी स्वतः घालून घेतला होता: ज्या दुकानाचा भाव टिपायचा, त्या दुकानातून काडीचीही खरेदी करायची नाही. कारण उघड होते. आज आपण पावशेर साखर घेतली, तर दुकानदार मूठभर वर टाकतो. उद्या ती मूठ आपल्याला हक्काची वाटू लागते. आणि परवा तो सांगेल तो भाव आपण खाली मान घालून लिहितो. या युक्तिवादात त्यांना आजवर फट सापडली नव्हती. फिरतीच्या यादीत सगळाच बाजार येत असल्यामुळे गेली कित्येक वर्षे त्यांनी या बाजारात स्वतःच्या हाताने काहीही विकत घेतले नव्हते, आणि याचा त्यांना मनातून अभिमान होता.

दुसऱ्या दुकानातून बाहेर पडताना त्यांना एक बाई दिसली. चष्मा, साधे कपडे, हातात करड्या रंगाची कापडी पिशवी. बाजारात बाई दिसणे यात नवल नाही. पण ही बाई ते पहिल्या दुकानातून निघाल्यावर त्याच दुकानात शिरली होती. तिसऱ्या दुकानातून निघून त्यांनी मुद्दाम चपलेचा पट्टा नीट करण्याचे निमित्त केले आणि वाकल्या वाकल्या मागे पाहिले. बाई तिसऱ्या दुकानाच्या पायरीवर होती. पिशवी मघापेक्षा फुगलेली होती.

"कोण असेल?" भावसाहेबांनी मनाशी विचार सुरू केला. व्यापाऱ्यांच्या गोटातली असती तर तिने खरेदी कशाला केली असती? वसुली खात्याची असती तर एकटी आली नसती. उरता उरला तिसरा तर्क, आणि तोच त्यांना पटला: ही सुनेच्या माहेरची कोणीतरी असणार. आपल्यावर पाळत ठेवून, बाजारात आपण कुठे चहा पितो, कोणाकडून काय घेतो हे पाहून संध्याकाळच्या बोलण्यात ते आपल्या तोंडावर मारायचे, असा त्या मंडळींचा डाव असणार.

कारण त्या संध्याकाळी घरात निकाल लागायचा होता.

घर दोन खोल्यांचे होते आणि भावसाहेबांच्या मालकीचे होते. पत्नी जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. मुलगा घरे रंगवण्याचे काम करी. त्याला कायमची नोकरी नव्हती; तो सकाळी मजुरांच्या ठिय्यावर उभा राही, कोणी नेले तर जाई. मात्र बाप मजुरी टिपायला येतो तिथे आपण उभे राहणे बरे दिसत नाही म्हणून तो पुलापलीकडच्या ठिय्यावर जात असे, आणि या समजूतदारपणाबद्दल भावसाहेबांनी एके काळी त्याचे कौतुकही केले होते. घरखर्च सून पाही. तिथेच पाणी मुरत होते.

सून म्हणे डाळ एकशे बाराने आणली. भावसाहेबांनी ती चौऱ्यांशीने लिहिलेली असे. मुलगा म्हणे साडेचारशे रोज मिळाला. भावसाहेबांनी तो सहाशे लिहिलेला असे. एखाद्या जिनसेत फरक पडता तर त्यांनी सोडून दिले असते. पण फरक तेलात होता, तांदळात होता, मजुरीत होता, आणि दर वेळी एकाच दिशेने होता: खर्च जास्त, मिळकत कमी. चुका अशा रांगेत उभ्या राहत नाहीत. रांग लावणारा कोणीतरी असतो, असे त्यांचे म्हणणे होते. एका रात्री त्यांनी मुलाला जवळ बोलावून त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास आला नाही, तेव्हा संशय फिटण्याऐवजी वाढला. दारू नाही, तर मग पैसे जातात कुठे? सुनेची आई आजारी होती; म्हणजे पैसे तिच्या माहेरी जात असणार. दोन तर्क एकमेकांत असे चपखल बसले की भावसाहेबांना पुराव्याची गरजच वाटेनाशी झाली.

"मग तुम्हीच आणा ना आप्पा चौऱ्यांशीची डाळ," सून एकदा म्हणाली होती. "मी कालच गेले होते मोठ्या बाजारात, मुद्दाम. धान्यगल्लीच्या त्याच कोपऱ्यावरच्या दुकानात. एकशे बारा म्हणाला."

"त्या दुकानातून मला काही घेता येत नाही. माझ्या नोकरीत ते बसत नाही."

"आणि मी घेतलेलं तुमच्या डोक्यात बसत नाही."

"मी माझ्या नोंदीवर विश्वास ठेवू की तुझ्या सांगण्यावर?"

गेल्या आठवड्यात ती बाजारातून आली तेव्हा त्यांनी तिला दारातच थांबवले आणि पिशवी जमिनीवर रिकामी करायला लावली. शेजारीण तिच्या उंबऱ्यात उभी होती. पिशवीतून डाळ निघाली, कांदे निघाले, अंगाला लावायचा साबण निघाला. त्याखेरीज काही निघाले नाही. "आज नाही निघालं," भावसाहेब म्हणाले, "म्हणजे कधीच नव्हतं असं होत नाही." सून खाली बसून कांदे गोळा करू लागली. त्याच रात्री त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितले की पैसे कुठे जातात ते मंगळवारी संध्याकाळपर्यंत कबूल करा, नाहीतर आपली सोय दुसरीकडे बघा. मुलगा काही बोलायला गेला; सुनेने त्याच्या हाताला हात लावला, तसा तो गप्प बसला. हात लावला हेही भावसाहेबांनी टिपून ठेवले.

बाजार आटोपून ते पाण्याच्या टाकीखाली आले. गवंडी, रंगारी, खोदकामवाले आपापल्या हत्यारांपाशी उभे होते. टोपल्या, घमेली वाहणाऱ्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्यात एक वयस्कर बाई होती; तिला सगळे घमेलेवाली मावशी म्हणत.

"आले बघा," मावशी म्हणाली. "चला, सगळ्यांनी सरळ बसा. फोटो काढतील."

"फोटो काढत नाही मी. काय चाललाय रोज?"

"सहाशे," गवंडी म्हणाला.

"सहाशे," रंगारी म्हणाला.

"बायकांना?"

"बायकांना पाचशे," मावशी म्हणाली. "आम्ही काय कमी वाहतो म्हणून शंभर कमी, ते तेवढं लिहा."

"तशी जागा नाही यात. गेल्या आठवड्यात काम किती दिवस लागलं?"

"पाच."

"कामावर लागलं-बिगलं तर?"

"मुकादम दवाखान्यात नेतो," गवंडी म्हणाला, आणि मागे कोणीतरी खोकल्यासारखे हसले. भावसाहेबांनी मान वर केली. सगळे चेहरे गंभीर होते. त्यांनी भरलेले पुन्हा वाचून दाखवले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

ते टाकीच्या पलीकडे नळावर तोंड धुवायला गेले, आणि नेमकी तेव्हाच ती चष्मेवाली बाई आली.

"दोन माणसं हवीत," ती मजुरांना म्हणाली. "कपाटं हलवायची आहेत, एका खोलीला रंग द्यायचाय. दिवसभराचं काम."

"पाचशे द्या," रंगारी म्हणाला.

"चारशे देते."

"बाई, कपाटं लोखंडी आहेत की लाकडी?"

"लोखंडी."

"मग साडेचारशे. त्याच्या खाली नाही परवडत. विचारा कोणालाही."

"मी चारशे वीसला येते की," मावशी मधेच म्हणाली. "गेले चार दिवस बसून आहे. माझं तोंड बघून कोणी नेत नाही."

भावसाहेब तोंड न पुसताच टाकीला वळसा घालून पुढे आले. "आत्ता मला सहाशे सांगितलेत!"

मावशी पदराने वारा घेत म्हणाली, "तुम्हाला सांगितले हो. तुम्ही थोडेच देणार आहात?"

ठिय्यावर हशा पिकला. भावसाहेबांच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होते.

"यात हसण्यासारखं काय आहे? खोटी माहिती देता तुम्ही सरकारला?"

"खोटी काय त्यात?" मावशी आता हसत नव्हती. "साडेचारशे सांगितले तर तुम्ही साडेचारशे छापणार. मग मुकादम तो कागद दाखवून म्हणणार, बघा, सरकारीच दर साडेचारशे आहे, तुम्हाला कशाला जास्त? म्हणून जेवढे मिळायला पाहिजेत तेवढे सांगतो. तुम्ही लिहीत राहिलात तर कधीतरी मिळतील असं वाटत होतं."

"आणि पाच दिवस काम?"

"ते पण तसंच."

"दवाखाना?"

गवंड्याने उजवा हात पुढे केला. करंगळी मधल्या पेरापाशी संपलेली होती. "माझा मीच गेलो होतो," तो म्हणाला. "तो दिवस पण कापला त्यानं."

भावसाहेबांनी त्या बोटावरून नजर काढून घेतली. ते चष्मेवालीकडे वळले. "आणि तुम्ही कोण? सकाळपासून माझ्या मागावर आहात. कोणी पाठवलं तुम्हाला? सुनेच्या भावानं?"

"कोणाच्या सुनेच्या?" बाई गोंधळली. मग तिने पिशवीतून ओळखपत्र काढून त्यांच्यापुढे धरले. ती मुख्य कचेरीतून आलेली तपासणी अधिकारी होती.

मावशी आणि रंगारी यांना कचेरीचा पत्ता देऊन पाठवल्यावर (कपाटे खरोखरच हलवायची होती) ती दोघे रस्त्यालगतच्या चहाच्या टपरीवर बाकावर बसली. भावसाहेबांनी स्वतःच्या चहाचे पैसे आधीच देऊन टाकले.

"तुमचे आकडे फार शांत आहेत," अधिकारी बाई म्हणाली. "आजूबाजूच्या सगळ्या ठिकाणी डाळ चढली. तुमच्या बाजारात हलली नाही. मजुरी सगळीकडे पडली, तुमच्याकडे वाढली. आमच्याकडे काहींना वाटलं, तुम्ही घरी बसून भरता."

"एकही मंगळवार चुकलेला नाही माझा. तापात आलोय मी."

"ते दिसलं. म्हणून तर तुमच्या मागून फिरले. तुम्ही विचारून निघालात की मी तेच विकत घेत होते." तिने पिशवीतून पुड्या काढून बाकावर मांडल्या. "ही डाळ. एकशे बाराने दिली."

भावसाहेबांनी वाद सुरू केला, कारण वाद हीच त्यांची सवय होती. "तुम्ही परक्या. परक्या गिऱ्हाइकाला चढा भाव लावतात."

"माझ्यापुढे एक म्हातारी होती. तिला नावानं हाक मारली त्यानं. तिलाही एकशे बारा."

"ती उधारीची असेल. उधारीला भाव वेगळा."

"रोख मोजले तिनं."

"डाळीची प्रत वेगळी असेल."

"तुमच्यासमोरच्या त्याच पोत्यातली आहे." तिने पुडी त्यांच्याकडे सरकवली. "हे बघा, तुम्ही लबाडी करत नाही, हे मला मान्य आहे. तसं मी लिहिणार आहे. पण तुमच्या ओळखीतलं, घरातलं कोणी बाजारहाट करतंच ना? त्यांनी कधी सांगितलं नाही?"

"नातेवाइकाचं उत्तर ग्राह्य धरता येत नाही. नियम आहे."

"नोंदीत धरता येत नाही," ती म्हणाली. "ऐकायला कोण नको म्हणतंय?"

भावसाहेब उठले. चहा अर्धा तसाच राहिला. ते तडक धान्यगल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघाले. बाई मागून येत होती, पण आता त्यांना तिचे भान नव्हते. दुकानदार एका गिऱ्हाइकाला पैसे परत देत होता.

"या भावसाहेब! विसरलं का काही?"

"एक किलो डाळ द्या."

दुकानदाराचा हात पोत्याकडे गेला आणि वाटेतच थांबला. त्याने भावसाहेबांकडे पाहिले, त्यांच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिले, मग पायरीखाली उभ्या असलेल्या चष्मेवालीकडे पाहिले. अखेर आवाज उतरवून, जणू आजाऱ्याची चौकशी करावी तसे त्याने विचारले,

"घ्यायची आहे की लिहायची आहे?"

"घ्यायची आहे."

"मग एकशे बारा."

"किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्यापासून," दुकानदार म्हणाला. त्याच्या बोलण्यात लाज नव्हती. थोडा कंटाळा मात्र होता. "तुमच्या आधी जो होता ना, त्यानं खरे भाव लिहिले. आठ दिवसांत साठेबाजीची धाड पडली. चार दुकानांना सील लागलं, माझ्या काकाचं त्यात गेलं. तेव्हा बाजारानं ठरवलं, लिहायचा भाव वेगळा ठेवायचा. दर सोमवारी आम्ही सगळे बसून ठरवतो. तुम्हाला त्रास नको म्हणून सगळीकडे सारखाच सांगतो."

"मला त्रास नको म्हणून!"

"वाटलं होतं, तुम्हाला माहीत असेल. पहिल्या महिन्यात वाटलं, कधीतरी हा माणूस घरासाठी पावशेर साखर घेईल, मग कळेलच त्याला. तुम्ही घेतलंच नाहीत काही. चहा पण नाही घेतलात. आम्ही म्हणायचो, एवढा सरळ माणूस, याला घरी कोणी सांगत नाही का?"

भावसाहेबांनी डाळ घेतली. एकशे बारा दिले. पुडी हातात घेऊन ते उतरले तेव्हा अधिकारी बाई काहीतरी सांगत होती: पुढल्या आठवड्यापासून विचारायचे नाही, थोडे थोडे विकत घ्यायचे, खर्च खाते देईल. नोकरी राहील, अहवालात तुमचा प्रामाणिकपणा लिहीन, असेही ती म्हणाली. भावसाहेबांनी "बरं" म्हटले. आदल्या दिवशी हे प्रमाणपत्र मिळते तर ते त्यांनी घरी दोनदा वाचून दाखवले असते.

ते घराकडे निघाले खरे, पण पाय पुलाकडे वळले. पुलापलीकडच्या ठिय्यावर ते कधीच गेले नव्हते. तो त्यांच्या यादीत नव्हता. दुपार कलली होती. ज्यांना काम मिळाले नव्हते असे तिघेचौघे कठड्याच्या सावलीत पत्ते खेळत होते. मोबाइल त्यांनी खिशात घातला.

"रंगारी आहे का कोणी?"

"मी आहे की," एक जण पत्ते टाकून उठला. "किती खोल्या?"

"रोज काय घेता?"

"साडेचारशे. आता अर्धा दिवस गेलाय, अडीचशे द्या, उद्या पुरं करतो."

"साडेचारशेच चालतो इथे?"

"चालतो म्हणजे, मिळाला तर. आज सकाळी एक जण साडेतीनशेवर गेला, आमचा भाव पाडून. आम्ही शिव्या घातल्या त्याला. पण त्याचंही बरोबर होतं. त्याला आगाऊ रक्कम पाहिजे होती, खोली घ्यायची होती आजच्या आज."

"आजच का?"

"बापानं घराबाहेर काढलंय म्हणे. बाप सरकारी आहे. म्हणतो, पोरगा पैसे चोरतो." रंगाऱ्याने थुंकी टाकली. "तो काय चोरणार! कामावर उरलेला रंग परत करतो तो मालकाला. जाऊ द्या. खोल्या किती म्हणालात?"

"नंतर सांगतो," भावसाहेब म्हणाले.

घर येईपर्यंत त्यांनी बोलायचे ते मनात जुळवले. पहिला मसुदा लांब होता. त्यात धाड होती, सोमवारची बैठक होती, मुकादमाचा कागद होता, आणि अशा परिस्थितीत कोणताही विचारी माणूस याच निष्कर्षाला आला असता, असे त्यात साधार दाखवले होते. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांना तो मसुदा स्वतःलाच ऐकवेना. त्यातली एकेक कलमे गळत गेली आणि दाराशी येईतो एकच वाक्य हाताशी राहिले.

दारात हातगाडी उभी होती. तिच्यावर गादीची वळकटी, दोन पेट्या, एक खुर्ची आणि रंगकामाची शिडी बांधलेली होती. मुलगा दोरीची गाठ आवळत होता. त्याच्या केसांवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे होते. काम अर्धे टाकून आला असावा.

"आप्पा," तो म्हणाला, आणि पुन्हा गाठीकडे वळला.

"थांब जरा. सामान उतरव."

"खोली घेतलीय. आगाऊ दिलेत."

"ते मी बघतो. तू उतरव."

मुलाने दोरी सोडली नाही, ओढलीही नाही. त्याने आत पाहिले. हा निर्णय त्याचा एकट्याचा नव्हता आणि तो बदलणेही त्याच्या एकट्याच्या हातात नव्हते.

भावसाहेब आत गेले. सून स्वयंपाकघरात फळीवरचे डबे पुसून ठेवत होती. घरातले काही तिने नेले नव्हते; फळी होती तशी भरलेली होती, आणि रिकाम्या जागा फक्त तिने माहेरून आणलेल्या दोन भांड्यांच्या होत्या. शेगडीवर एका माणसापुरता भात आणि डाळ झाकून ठेवलेली होती.

"हा तांदळाचा," तिने डब्यावर बोट टेकवून सांगितले. "हा पिठाचा, ऊन दाखवावं लागेल, नाहीतर किडेल. तेल पंधरा दिवस पुरेल. दूधवाल्याला मी अर्धाच लिटर सांगितलंय उद्यापासून."

"आज बाजारात तपासणी झाली," भावसाहेब म्हणाले.

"हो का?"

त्यांनी डाळीची पुडी ओट्यावर ठेवली. जुळवून आणलेले वाक्य बाहेर यायला वेळ लागला. "डाळ एकशे बारालाच आहे. मजुरीही साडेचारशेच आहे. तुझा भाव बरोबर होता."

सुनेने पुडीकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसले असते तर भावसाहेबांना बरे वाटले असते. राग दिसला असता तरी बरे वाटले असते. तिने पुडी सोडली, डाळीचा डबा उघडून त्यात ती ओतली, झाकण घट्ट बसवले आणि डबा त्यांच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर ठेवला. मग हात पुसले.

"मला तसं शिकवलं होतं," ते म्हणाले. "नात्यातल्यांचं धरायचं नाही."

तिने पुसायचे फडके घडी करून ओट्यावर ठेवले.

"तुम्ही राहा. मी शेजारणीलाही सांगतो. तिच्यासमोर सांगतो."

बाहेर हातगाडी किंचित हलली. मुलाने चाकाखालचा दगड काढला असावा. सून दारापर्यंत गेली, चपला घालण्याआधी वळली आणि वाकून तिने त्यांना नमस्कार केला. तिने तो घाईने उरकला नाही. उठल्यावर ती त्यांच्या डोळ्यांकडे सरळ बघत बोलली, आणि तिचा आवाज डबे दाखवताना होता तितकाच साधा होता.

"भाव बरोबरच होता, आप्पा. तुम्ही आम्हाला चोर ठरवलंत, ते चूक होतं."